माळ्यावर सापडलेलं वडिलोपार्जित पिस्तूल: अस्सलपणा आणि किंमत पारखण्याचा योग्य क्रम

वाड्याची वाटणी ठरते, माळा रिकामा करायला घेतात आणि जुन्या लुगड्यांच्या बोचक्यातून एक पिस्तूल निघतं. पुढे घरोघरी जवळजवळ तेच घडतं. कोणीतरी घोडा ओढून चाप दाबून बघतो. दुसरा चिंच-राखेने घासून ते लखलखीत करतो. फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात, लंडनच्या एखाद्या लिलावातला आकडा सापडतो आणि भावंडांत कुजबुज सुरू होते. पोलीस ठाण्याची आठवण सगळ्यात शेवटी येते, तीही कोणी घाबरवल्यावर.

यातल्या पहिल्या कृतीने जीव जाऊ शकतो. दुसरीने अस्सलपणाचा पुरावाच पुसला जातो. आणि लंडनचा तो आकडा तुमच्या पिस्तुलाला लागूच होत नाही. किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधीच्या पायऱ्या जागच्या जागी झाल्या असतील तरच त्याला खरं उत्तर मिळतं.

लेख मुख्यतः ठासणीच्या एकनळी पिस्तुलांबद्दल आहे, म्हणजे ज्यांच्या नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरून गजाने ठासतात. काडतुसी रिव्हॉल्व्हर निघालं असेल तर, काठीने नळी मोजणं सोडून, पहिले तीन टप्पे तुम्हालाही तितकेच लागू आहेत.

## टप्पा १: ते भरलेलं आहे असंच धरून चाला

जुनी ठासणीची हत्यारं भरलेल्या अवस्थेतच भिंतीवर किंवा पेटीत राहून गेलेली सापडतात. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. म्हणून "आजोबांच्या आधीपासून पडून आहे" हा धीर खोटा आहे.

पिस्तूल उचलण्याआधी मुलांना खोलीबाहेर काढा. नळीचं तोंड जाड भिंतीकडे ठेवा. घोड्याला आणि चापाला हात लावू नका. घोडा खाली टेकलेला असेल तर त्याच्याखाली, बोंडावर (टोपी बसवायच्या छोट्या नळकांडीवर), स्फोटक टोपी अजून बसलेली असू शकते आणि पिस्तूल नुसतं हातातून पडलं तरी ती उडू शकते. बॅटरीच्या उजेडात बाजूने बघा. नीट दिसत नसेल तर टोपी आहे असंच समजा. टोपी दिसली किंवा तिची शंका असली तर पुढचं मोजमाप न करता थेट पोलिसांना कळवा.

टोपी नाही अशी खात्री असेल तर नळी मोजता येते. कोरडी, सरळ लाकडी काठी घ्या, लोखंडी गज किंवा सळई मुळीच नको. नळीच्या तोंडासमोर न येता, बाजूला उभं राहून ती हलक्या हाताने आत टेकेपर्यंत सोडा आणि तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. काठी बाहेर काढून नळीवर बाहेरून धरा. नळीच्या मागच्या टोकाला जे बारीक भोक असतं, ज्याला रंजकाचा (पेटवणीच्या दारूचा) कान म्हणतात, तिथपर्यंत काठी जवळजवळ पोचली पाहिजे. टोपीच्या पिस्तुलात कानाच्या जागी बोंड असतं, तिथपर्यंत मोजा. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर उरलं तर आत काहीतरी आहे. ते कुंभारीण माशीचं मातीचं घरही असू शकतं. पण बाहेरून फरक कळत नाही, तेव्हा भरलेलंच समजा.

सावधान: भरलेलं निघालं तर पाणी ओतणं, तेल सोडणं, तारेने टोकरणं, उन्हात ठेवणं, काहीही करू नका. खोली बंद करून जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करा. रिकामं करण्याचं काम बॉम्ब शोधक व नाशक पथकाचं किंवा पोलिसांच्या शस्त्रकारागिराचं आहे.

## टप्पा २: त्याच दिवशी नोंद करा

पिस्तूल लवकरच जमा करावं लागणार आहे (टप्पा ३ बघा). त्यानंतर ते महिनोन् महिने तुमच्या हाती नसेल, आणि अस्सलपणाची बरीचशी पारख फोटोंवरूनच करावी लागेल. एकदा हत्यार जमा झालं की मग "खालच्या बाजूची खूण बघायची राहिली" असं म्हणून उपयोग नसतो. ही नोंद अर्ध्या तासाचं काम आहे. पिस्तूल भरलेलं असल्याची शंका असेल तर मात्र हा टप्पा पोलिसांनी ते रिकामं केल्यावर.

दोन्ही बाजू, वर, खाली, मुठीचं टोक, नळीचं तोंड आणि घोड्याजवळची पट्टी यांचे फोटो घ्या, प्रत्येकात शेजारी मोजपट्टी. फ्लॅश बंद ठेवा. खिडकीचा तिरपा उजेड पडला की पुसट अक्षरं उठून दिसतात. एकूण लांबी, नळीची लांबी, नळीच्या तोंडाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये आणि वजन लिहून ठेवा. व्यास महत्त्वाचा आहे. ब्रिटिश घोडदळाच्या पिस्तुलांत ०.६५ इंच, म्हणजे साधारण १६.५ मिमी, आणि ०.५७७ इंच, म्हणजे १४.७ मिमी, ही ठरलेली मापं भेटतात.

एकही स्क्रू उघडू नका. पिस्तूल ज्या फडक्यात गुंडाळलं होतं ते, चामड्याचं म्यान, दारूची शिंगडी, गोळ्यांचा साचा, सोबतचे कागद, काहीही टाकू नका.

तपासा: समोर पिस्तूल नसताना, नुसत्या फोटोंवरून प्रत्येक अक्षर वाचता येतंय का? येत नसेल तर पुन्हा काढा.

## टप्पा ३: कायदा आधी, कारागीर नंतर

"अँटिक आहे, त्याला लायसन लागत नाही" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे, आणि ते जसंच्या तसं खरं नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे. पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. चालू स्थितीतलं दीडशे वर्षांचं पिस्तूल केवळ वयामुळे या सुटीत बसत नाही. ते बसतं की नाही हे तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या जाणकाराने ठरवायचं नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून ते लेखी घ्यायचं.

जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत, हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. इतर ठिकाणी तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. कलम २१ सांगतं की ज्याच्याकडे हत्यार ठेवण्याचा हक्क उरलेला नाही त्याने विनाकारण उशीर न लावता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं. म्हणून "कामं आटोपली की दिवाळीनंतर बघू" चालत नाही.

क्रम असा ठेवा. आधी ठाण्यात फोन करून हत्यार कसं आणायचं ते विचारा, शक्यतो पोलिसांनाच घरी येऊ द्या. पिशवीत घालून एस.टी.ने किंवा स्कूटरवरून सराफाला दाखवायला नेणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. जमा करताना पावती घ्या आणि तिच्यावर "एक जुने पिस्तूल" एवढंच नको. नळीची लांबी, खुणा, अक्षरं, घोड्याची स्थिती, तुटलेले भाग असं सगळं लिहून घ्या. मग मूळ परवानाधारकाचा मृत्यूचा दाखला, जुना परवाना असल्यास तो आणि इतर वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं जोडून एका वारसाच्या नावाने अर्ज करा. वारसाने परवाना मिळवण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे.

जुना परवाना कधीच नव्हता अशीही घरं आहेत. तिथे आधी वकिलाशी बोला, पण हत्यार लपवू नका. आपण होऊन कळवलेलं आणि झडतीत सापडलेलं यांत फार फरक असतो.

सावधान: "नळीला भोक पाडून आणतो, मग लायसन नको" असा सल्ला देणारे भेटतील. हत्यारात बदल करणं आणि त्याची दुरुस्ती हाही परवान्याचा विषय आहे. शिवाय पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही, आणि पिस्तुलाची किंमत तिथेच संपते.

आणखी एक गोंधळ परदेशातल्या नातेवाइकांकडून येतो. अमेरिकेतला भाचा सांगतो की १८९८ किंवा त्याआधीचं असेल तर परवाना नको. ते अमेरिकेच्या कायद्यातलं साल आहे, साताऱ्यात त्याला काही अर्थ नाही.

## टप्पा ४: घासू नका, पुसूही नका

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इथे. नळीवरचा तपकिरी थर हा मळ नाही. तो काळाने चढवलेला रंग आहे, आणि पारखणारा सगळ्यात आधी तोच बघतो. एकदा चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर किंवा पॉलिश पेपर फिरला की तो रंग परत येत नाही. त्याखालच्या उथळ खुणाही झिजतात.

खंडेनवमीच्या पूजेतही हेच होतं. पूजा जरूर करा, पण ओलं हळदकुंकू आणि पाणी थेट लोखंडावर नको. खाली पाट-वस्त्र ठेवा, फूल आणि अक्षता बाजूला वाहा. खोबरेल तेल तर अजिबात नको. ते कालांतराने चिकट होऊन कमानीत (स्प्रिंगमध्ये) आणि भोकांत बसतं.

लाल, भुकटीसारखा सुटणारा गंज मात्र चालू रोग आहे. तोही घरी काढायचा नाही. फोटोत नोंदवा आणि हत्यार ज्याच्या ताब्यात आहे त्याला लेखी कळवा.

## टप्पा ५: आधी जात ओळखा, मग साल

घोड्याच्या तोंडात गारगोटी धरायचा चिमटा असेल आणि समोर पोलादी झडप व रंजकाची वाटी असेल तर ते चकमकीचं पिस्तूल. घोड्याचं तोंड हातोडीसारखं पोकळ असेल आणि तो एका बोंडावर येऊन आपटत असेल तर ते टोपीचं. टोपीची पद्धत १८२० च्या सुमारास पसरू लागली आणि ब्रिटिश फौजेत ती १८४० च्या आसपास आली.

घरात "हे पानिपतातलं" अशी आठवण सांगत असतील आणि समोर टोपीचं बोंड दिसत असेल, तर दोनच शक्यता उरतात. आठवण चुकलेली आहे, किंवा चकमकीचं पिस्तूल नंतर टोपीचं करून घेतलेलं आहे. दुसरी शक्यता खरी असते तेव्हा तिच्या खुणा पिस्तुलावर राहतात (टप्पा ७).

## टप्पा ६: खुणा वाचा, पण एकीवर विसंबू नका

घोडा आणि कमान ज्या पोलादी पट्टीवर बसवलेली असतात तिला मी इथे कळपट्टी म्हणतो. तिच्यावरची आणि नळीच्या मागच्या भागावरची खूण या दोन वेगळ्या साक्षी आहेत. पट्टी हत्यार कोणासाठी किंवा कुठे जोडलं ते सांगते. नळीवरचा ठसा तिची चाचणी कुठे झाली ते सांगतो.

"टॉवर" आणि मुकुट. ही कंपनी नव्हे. लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रखात्याची ती खूण आहे. मुकुटाखाली "जीआर" असेल तर जॉर्ज राजांचा काळ, "व्हीआर" असेल तर १८३७ नंतरचा व्हिक्टोरियाचा. १७६४ नंतर चकमकीच्या सरकारी कळपट्ट्यांवर साल घालणं बंद झालं. म्हणून जीआर आणि टॉवरच्या जोडीला ठळक साल दिसलं तर आनंदाआधी शंका घ्या. टोपीच्या काळात साल पुन्हा आलं, तिथे "१८५६" सारखा आकडा स्वाभाविक आहे. टॉवरची अक्षरं बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधल्या व्यापारी मालावरही घातली जात, तेव्हा नुसत्या त्या शब्दाने हत्यार सरकारी ठरत नाही.

ईस्ट इंडिया कंपनी. जुनी खूण म्हणजे चार भागांत विभागलेलं हृदय, त्यात कंपनीची आद्याक्षरं आणि डोक्यावर इंग्रजी ४ सारखं चिन्ह. १८०८ नंतर तिच्या जागी मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह आला. आपल्याकडच्या घरांसाठी या दोन खुणा फार मोलाच्या आहेत, आणि म्हणूनच नकला करणाऱ्यांच्याही त्या आवडत्या आहेत.

बर्मिंगहॅम. तिथलं चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झालं. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि भोवती "बी, पी, सी" ही अक्षरं नळीवर असतील तर ती नळी १८१३ च्या आधीची असूच शकत नाही. पेशवाई १८१८ ला संपली. म्हणजे अशा नळीला पेशवाईशी नातं सांगायला अवघी पाच वर्षं मिळतात.

लिएज, बेल्जियम. लंबगोलात "ईएलजी" आणि तारा. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर ठसा १८९३ किंवा त्यानंतरचा. "सत्तावन्नच्या बंडातलं" म्हणून जपलेल्या पिस्तुलावर हा मुकुट दिसला की त्या गोष्टीचा निकाल लागला.

आता ठसा खरा आहे का ते बघा. पोलादी छाप हातोड्याने मारला की धातू कडेला किंचित उचलला जातो आणि अक्षराच्या तळाला तोच जुना रंग बसलेला असतो. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोल, मऊ असतात. नंतर कोरलेल्या अक्षरांचा तळ आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. खैबर खिंडीच्या भागातल्या नकलांत इंग्रजी एन अक्षर उलटं काढलेलं असतं, हिज्जे चुकलेले असतात आणि मुकुट वेडावाकडा असतो.

तपासा: सगळ्या खुणांची सालं एकाच काळात बसतात का? पट्टी १८०० ची आणि नळी १८७० ची असेल तर पिस्तूल खोटंच असेल असं नाही, पण ते जोडलेलं आहे.

## टप्पा ७: सगळे अवयव एकाच घरचे आहेत का

यातला बराच भाग पिस्तूल सुटं करूनच बघता येतो. ते काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडचा अनुभवी कारागीर तुमच्यासमोर करील. तुम्ही काय बघायचं ते आधी ठरवून जा.

जुळणीच्या खुणा. नळीच्या पोटाला, कळपट्टीच्या आत, कधी स्क्रूंवरही कारागिरांनी कानशीने पाडलेल्या रेघा किंवा रोमन आकडे असतात. ते सगळीकडे सारखे असतील तर मोठी जमेची बाजू.

स्क्रू. हाताने कापलेल्या स्क्रूंच्या खाचा बारीक आणि थोड्या असमान असतात. एखादा नवा स्क्रू म्हणजे दुरुस्ती. सगळेच नवे आणि एकसारखे असतील तर संशय मोठा.

लाकूड आणि लोखंड यांची सांध. मूळ दस्त्यात पट्टी नेमकी बसते आणि लाकूड आकसल्यामुळे धातू जरासा वर आलेला असतो. मोठी फट, लुगदी किंवा राळ भरलेली दिसली तर तो दस्ता दुसऱ्या पिस्तुलाचा. विलायती पिस्तुलाला अक्रोडाचा दस्ता असतो. आपल्याकडे शिसवी दस्ता बसवलेलीही सापडतात. शिसव दिसलं की लगेच "नकली" म्हणू नका. त्या काळातच इथे दस्ता बदललेला असू शकतो आणि ती त्या हत्याराची खरी हकीकत असते. फक्त ते पूर्ण मूळ स्थितीतलं म्हणून विकता येत नाही.

चकमकीचं टोपीचं केलेलं आहे का? कळपट्टीवर बुजवलेली स्क्रूची भोकं आणि कानाच्या जागी आटे पाडून बसवलेला बोंडाचा गठ्ठा ही त्याची चिन्हं. त्या काळातला बदल लपवण्यासारखा नाही. लपवाछपवी असते ती उलट दिशेने. चकमकीला भाव जास्त म्हणून टोपीचं पुन्हा चकमकीचं करतात. तसं असेल तर कानाभोवती नवीन धातूचं बूच दिसतं, रंजक जळून पडलेली खाच नसते आणि झडप व वाटी बाकी पट्टीपेक्षा तरुण दिसतात.

नळीच्या आत. बॅटरी टाकून आतून लांबीभर सरळ धावणारी जोडरेघ दिसली तर ती बाजारातल्या पाइपची असण्याची शक्यता दाट. शोभेच्या दुकानांसाठी बनवलेल्या पिस्तुलांत हे सर्रास सापडतं.

सोन्याचं काम. अस्सल कोफ्तगिरीत पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांच्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. जिथे सोनं झिजलं आहे तिथे भिंगातून त्या रेघा दिसल्या पाहिजेत. खाली गुळगुळीत पोलाद असेल तर तो मुलामा.

डोळा तयार करायचा असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रं बघायला मिळतात. कडा, झीज आणि रंग यांवर एक तास घालवा. फोटोंपेक्षा जास्त कळतं.

## टप्पा ८: घरची हकीकत कागदावर आणा

कागदाशिवाय सांगितलेल्या गोष्टीला बाजारात मोल नाही, पण कागद मिळाला तर त्याच पिस्तुलाचं वजन बदलतं. ब्रिटिश काळातला परवाना, खरेदीची पावती, नोकरीच्या नेमणुकीचं पत्र, जुन्या फोटोत कमरेला दिसणारं तेच पिस्तूल, घरच्या मोडी दप्तरातली यादी असं सगळं शोधा. परवान्यावर नंबर असेल तर तो हत्यारावरच्या नंबराशी अक्षरशः जुळला पाहिजे. मोडी वाचता येत नसेल तर लिप्यंतर करून घ्या आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका.

घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाकडून ऐकलेलं तारखेसह लिहून त्यांची सही घ्या. त्यात "मी पाहिलं" आणि "मी ऐकलं" हे वेगळं ठेवा.

## टप्पा ९: आता किंमत

लंडनचा आकडा का लागू होत नाही? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे तिकडचा गिऱ्हाईक तुमचा गिऱ्हाईकच नाही. तुमचा बाजार भारतातला, त्यातही हत्यार सुटीत बसत नसेल तर परवाना असलेल्यांचा. म्हणून परदेशी लिलावांचे निकाल तुलनेसाठीच वापरा. मूळ स्थितीतल्या आणि बदललेल्या पिस्तुलात किती पट फरक पडतो, खुणा स्पष्ट असल्याने किती फरक पडतो, एवढं त्यांतून शिका. बोनहॅम्ससारखी लिलावगृहं झालेल्या विक्रीचे आकडे प्रसिद्ध करतात. जाहिरातीत मागितलेली किंमत आणि विक्रीत मिळालेली किंमत यांत गल्लत करू नका. लिलावाच्या आकड्यात गिऱ्हाइकाने दिलेलं कमिशन धरलं आहे का तेही बघा.

मूल्यांकन कशासाठी हवं ते आधी सांगा. विम्याची, वाटणीची आणि उद्याच्या उद्या विक्रीची अशा एकाच वस्तूच्या तीन किमती निघतात. ज्याला वस्तू विकत घ्यायची आहे त्याच्याकडून मूल्यांकन करून घेऊ नका. दारावर येऊन "अँटिक घेतो" म्हणणाऱ्याने सांगितलेला आकडा कितीही मोठा वाटला तरी तो त्याच्या सोयीचा असतो. शिवाय परवान्याची शहानिशा न करता हत्यार दिलंत तर अडचणीत तुम्ही येता.

मूल्यांकनाच्या कागदावर जात, मापं, प्रत्येक खूण, कोणते भाग मूळ, कोणते बदललेले, तुलनेला घेतलेल्या विक्री आणि तारीख हे सगळं असावं. नुसता आकडा आणि शिक्का असलेला कागद घेऊ नका. शक्य असेल तर दोन माणसांकडून, एकमेकांचा आकडा न सांगता, मूल्यांकन करून घ्या. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर आकडा मधोमध कापू नका. कोणता भाग मूळ आहे यावर त्यांचं कुठे पटत नाही ते विचारा. वाद जवळजवळ नेहमी टप्पा ७ मधल्या एखाद्या मुद्द्यावर असतो.

वाटणीत पिस्तुलाचे तुकडे होत नाहीत आणि परवानाही एकाच्याच नावाने होतो. म्हणून मूल्यांकनाला पाठवण्याआधीच भावंडांनी लिहून ठेवावं: हत्यार कोणाच्या नावावर करायचं, बाकीच्यांना त्यांचा हिस्सा कसा द्यायचा आणि परवाना नाकारला गेला तर कोणत्या शस्त्रविक्रेत्यामार्फत किंवा कोणत्या संग्रहालयाला द्यायचं. त्या कागदाला टप्पा २ चे फोटो आणि टप्पा ३ ची पावती जोडा.